डिजिटल संस्कृती परिषदेची दृश्य ओळख: अंबाजोगाईच्या पासोडीपासून सुरुवात करावी का?

शिरोरेषा (धागाकर्ती)

नमस्कार. येत्या हिवाळ्यात अंबाजोगाईत डिजिटल संस्कृती या विषयावर दोन दिवसांची परिषद भरवण्याचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. हस्तलिखितांचे डिजिटायझेशन, मराठी विकिपीडिया, मुक्त परवान्याचे फाँट, बोलींचे ध्वनिमुद्रण आणि व्हॉट्सॲपवर घडत चाललेली नवी लेखनरीत असे तिचे विषय आहेत. परिषदेची दृश्य ओळख, म्हणजे बोधचिन्ह, अक्षरे, रंग, मांडणीची चौकट आणि या सगळ्याच्या वापराचे नियम, तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी लातूरला ग्राफिक डिझाइनचे काम करते. परंतु आजवरची माझी बहुतेक कामे दुकाने, शाळा आणि बियाण्यांचे व्यापारी यांच्यासाठी झाली आहेत. म्हणून पुढे जाण्याआधी इथल्या जाणकारांसमोर माझा विचार मांडत आहे.

पहिल्याच बैठकीत अशी सूचना आली की अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी घ्यावा आणि त्याच्या हातातील कमळापासून सर्किटच्या रेषा निघालेल्या दाखवाव्यात. मला हे पटले नाही. पद्मपाणीच्या थोरवीबद्दल मला तिळमात्र शंका नाही; पण आपल्या भागात साहित्य संमेलन असो, वैद्यकीय अधिवेशन असो की कृषी प्रदर्शन, प्रत्येकाच्या पत्रिकेवर अजिंठा, वेरूळ किंवा दौलताबाद असतेच. त्यातून कार्यक्रम कुठे आहे एवढेच कळते, तो कशाबद्दल आहे हे कळत नाही. आमची परिषद लिहिण्याबद्दल आणि लिहिलेले जपण्याबद्दल आहे, त्यामुळे तिची ओळख लिखाणातूनच यावी असे मला वाटते.

हा विचार करत असताना मन दासोपंतांच्या पासोडीपाशी थांबले. सोळाव्या-सतराव्या शतकातील या संतकवीने पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते हा, अवघड विषय जाड सुती कापडाच्या सुमारे ४० फूट लांब पटावर लिहून काढला, आणि तो पट अंबाजोगाईत आजही जपलेला आहे. पासोडी म्हणजे आपल्याकडे पांघरण्याचे जाडेभरडे वस्त्र. त्याच वस्त्राचे पुस्तक व्हावे, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. पट वाचताना पान उलटायचे नसते, नजर पुढे पुढे सरकवायची असते. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की आपण एकच लांबलचक पट एकदाच रेखाटावा. त्यातून एक अखंड शिरोरेषा जावी, तिला अक्षरे लटकलेली असावीत, आणि फलक, ओळखपत्राची फीत, प्रमाणपत्र, संकेतस्थळाचा माथा या सर्वांसाठी त्याच पटाचे वेगवेगळे तुकडे वापरावेत. सगळे तुकडे शेजारी शेजारी मांडले तर मूळ पट पुन्हा पूर्ण दिसावा.

अडचण अक्षरांची आहे. ‘डिजिटल संस्कृती’ या दोन शब्दांत शिरोरेषेच्या वर बरीच गर्दी होते. पहिली वेलांटी दोनदा येते, नंतर अनुस्वार येतो आणि शेवटी दुसरी वेलांटी येते. रेषेखाली मात्र ‘स्कृ’मधील ऋकार एवढाच उतरतो. शिवाय ‘ड’ आणि ‘ट’ यांना उभा काना नसल्यामुळे पहिला शब्द हलका दिसतो आणि दुसरा जड. हा तोल कसा सांभाळावा, आणि पासोडीचा आधार घेणे आपल्याला योग्य वाटते का, याबद्दल मोकळेपणाने लिहावे.

मोडीवाचक

ताई, पासोडीचा आधार घेण्याची कल्पना मला मनापासून आवडली. मात्र एक विनंती आहे. पासोडी ही मोबाइलच्या पडद्याची पूर्वज होती, असे कुठेही लिहू नये. दासोपंतांनी ती ज्या श्रद्धेने आणि ज्या विषयासाठी लिहिली, तो विषय आपल्या परिषदेचा नाही. आपण तिच्याकडून मांडणीचा धडा घ्यावा, तिचे छायाचित्र घेऊन त्यावर परिषदेचे नाव छापू नये. पटावरची अक्षरे जशीच्या तशी कापून सजावटीसाठी वापरणेही मला रुचणार नाही, कारण ती वाचण्यासाठी लिहिलेली आहेत.

अखंड शिरोरेषेबद्दल मात्र माझ्याकडे सांगण्यासारखे आहे. मोडीचा कागद पाहिला तर लेखकाने आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा ओढून घेतलेली असते आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेषेखाली ओवत नेलेली असतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. देवनागरीत आपण अक्षर लिहून वर रेघ देतो, मोडीत रेघ आधी येते. तुमच्या पटातील रेषा मोडीच्या या रीतीने आली तर तिला आपल्याकडच्या दप्तरांचा खरा आधार मिळेल. परंपरा मोडीचे श्रेय देवगिरीच्या यादवांचे प्रधान हेमाडपंत यांना देते. अभ्यासकांमध्ये याबद्दल मतभेद आहेत, म्हणून परिचयपत्रकात ते ठाम विधान म्हणून लिहू नये. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंकेतात, स्वतंत्र स्थान २०१४ साली, सातव्या आवृत्तीत मिळाले. ही गोष्ट मात्र परिषदेच्या विषयाशी थेट जोडलेली आहे आणि ती अवश्य सांगावी.

परभणीकर

मी थोडे वेगळे मत मांडतो. अजिंठ्याला इतक्या लवकर बाजूला सारू नये. लेणी आणि चित्रे नको असतील तर नकोत, पण रंग तिथून घेता येतील. अजिंठ्याच्या चित्रकारांनी वापरलेले बहुतेक रंग मातीचे आणि खडकांचे आहेत: तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळाचा काळा आणि चुन्यासारखे पांढरे. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा आहे आणि तो दूर अफगाणिस्तानातून येत असे. इथल्या मातीतले चार-पाच रंग आणि व्यापाराच्या वाटेने आलेला एक रंग, हे गणित मला डिजिटल संस्कृतीलाही लागू पडते असे वाटते, कारण तिथेही आपली भाषा इथली असते आणि यंत्र बाहेरून येते.

छापखाना_नांदेड

मी नांदेडला २० वर्षांहून अधिक काळ छपाईचे काम करतो, म्हणून व्यवहाराच्या बाजूने लिहितो. तुकडे जोडून पट पूर्ण होण्याची कल्पना सुंदर आहे. पण फलक एका गावात, पत्रिका दुसऱ्या गावात आणि फीत तिसरीकडे छापली जाणार असेल तर रंग कधीही तंतोतंत जुळणार नाहीत. एकाच यंत्रावर सकाळी आणि संध्याकाळी काढलेल्या फ्लेक्समध्येही फरक पडतो. कटिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे होतातच. तेव्हा दोन तुकड्यांची रेषा काठावर बरोबर भिडली पाहिजे अशी अट ठेवू नये. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना शेजारच्या तुकड्यातील थोडा भाग पुन्हा येऊ द्यावा, म्हणजे कटिंग चुकले तरी रेषा तुटलेली दिसणार नाही.

दुसरी गोष्ट फाँटची आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाचा सहा बाय तीनचा फलक आमच्याकडे छापून गेला आणि उभारल्यावर लक्षात आले की त्यावरील प्रत्येक पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली होती आणि जोडाक्षरे सुटी होऊन हलन्तासह उभी होती. मजकूर युनिकोडमध्ये होता आणि फाइल उघडणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी कळत नव्हती. त्या दिवशी वाचकांसमोर मला जी मान खाली घालावी लागली ती मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की छपाईची फाइल पाठवण्यापूर्वी सर्व मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे रेषाचित्रांत रूपांतर करून द्यावा, आणि मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल आपल्याजवळ ठेवावी. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची जोडणी नीट करणारी सोय) निवडलेला आहे ना, हे आधी पाहावे. तो नसेल तर ‘संस्कृती’ हा शब्दच मोडतो.

रंगांबद्दल परभणीकरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण लाजवर्दी निळा फ्लेक्सवर नेहमी मंद आणि जांभळट उतरतो. पडद्यावर पाहून त्याच्या प्रेमात पडू नये. गेरू मात्र कुठेही चांगलाच छापला जातो.

पैठण_माग

माझ्या घरी मागावर काम होते, म्हणून एक सूचना द्यावीशी वाटते. अशा परिषदेचा विषय निघाला की पैठणीचा मोर घ्यावा आणि त्याचे चौकोन करून पिक्सेल दाखवावेत, असे कोणीतरी सुचवतेच. ते करू नये. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील नक्षी जॅकार्ड मागासारखी छिद्रांच्या पत्त्यांनी विणली जात नाही. विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवतो आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे एकमेकांत अडकवून घेतो, आणि म्हणूनच नक्षी उलट बाजूनेही तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रासाठी रचलेली कृती आणि हाताने दर ओळीला घेतलेला निर्णय यांत फरक आहे. तो पुसून टाकणारे चित्र विणकराच्या मेहनतीवर अन्याय करते.

कापडाचीच आठवण ठेवायची असेल तर छपाई खऱ्या कापडावर करावी. सभागृहातील मोठा पट मांजरपाटावर, म्हणजे साध्या जाड सुती कापडावर, एका किंवा दोन रंगांत स्क्रीन प्रिंटिंगने करून घेता येईल. पासोडीचे नाव घेऊन प्लास्टिकचा फ्लेक्स लावला तर मला ते खटकेल. जाड कापडावर बारीक रेषा भरून येतात, त्यामुळे सर्वांत बारीक रेषाही निदान एक मिलिमीटरची ठेवावी आणि आधी हातभर कापडावर नमुना काढून पाहावा.

दख्खनी_वाचक

मी या धाग्यात भाषेची तिसरी बाजू मांडतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. आपल्या आजोबांचे जमिनीचे जुने कागद अनेक घरांत मोडीत आणि उर्दूत, दोन्हींत सापडतात. सिराज औरंगाबादी यांच्यासारखा कवी इथेच होऊन गेला. लिखाण जपण्याबद्दलची परिषद मराठवाड्यात भरत असेल आणि तिच्या ओळखीत उर्दू कुठेच नसेल, तर या भागाचा अर्धा दस्तऐवज बाहेर राहील.

मात्र उर्दू घ्यायची तर तिच्या रीतीने घ्यावी. देवनागरीसारखी वर रेघ ओढून त्याखाली उर्दू अक्षरे लटकवण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत आणि ते वाचणाऱ्याला टोचतात. नस्तालिकमध्ये, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या लेखनशैलीत, शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे उतरत येतो, म्हणजे तिची चाल तिरपी आहे. त्यामुळे दोन ओळींमध्ये देवनागरीपेक्षा कितीतरी जास्त जागा सोडावी लागते. नोटो नस्तालिक उर्दू हा फाँट मुक्तपणे उपलब्ध आहे. उर्दू पत्रिका उजवीकडून डावीकडे वाचली जाईल, म्हणून तिच्यावरील बोधचिन्हही उजव्या कोपऱ्यात हवे.

शिरोरेषा

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या प्रतिक्रियांमुळे माझ्या कल्पनेतील दोन कच्च्या जागा लगेच दिसल्या. मोडीवाचक सरांचे म्हणणे मान्य करून मूळ पासोडीचे कोणतेही छायाचित्र किंवा अक्षर मी वापरणार नाही. मांजरपाटाची सूचना तर मी आजच स्वीकारली आहे, आणि उर्दू पत्रिका स्वतंत्रपणे, जाणकाराकडून तपासून घेऊन करण्याचे आमच्या गटानेही मान्य केले आहे.

बोधचिन्हाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ‘डिजिटल संस्कृती’ हे पूर्ण नाव मोठ्या फलकावर छान दिसते, पण व्हॉट्सॲपच्या गोल चित्रात किंवा संकेतस्थळाच्या ३२ पिक्सेलच्या चिन्हात ‘स्कृ’चा नुसता काळा ठिपका होतो. लहान आकारासाठी एकच अक्षर हवे आहे. गटातील काहींना ‘ळ’ हवा आहे, कारण तो पाहताच मराठी माणसाला आपलेपणा वाटतो. परंतु ‘ळ’ आमच्या नावात नाही, आणि नावात नसलेले अक्षर चिन्ह म्हणून लावले तर प्रत्येकाला त्याचा खुलासा करत बसावे लागेल. मी ‘सं’ घेतला आहे आणि अनुस्वाराच्या जागी पिक्सेलसारखा सरळ चौकोन ठेवला आहे. तो मला पुरेसा समाधानकारक वाटत नाही, पण नेमके काय चुकते आहे ते सांगता येत नाही.

मोडीवाचक

चौकोन सरळ उभा आहे, हेच चुकले आहे. बोरूचे टोक तिरके छाटलेले असते. तो बोरू कागदावर नुसता टेकवून उचलला की गोल ठिपका पडत नाही, शंकरपाळ्याच्या आकाराचा पडतो. जुन्या हस्तलिखितांत अनुस्वार, नुक्ता आणि विरामाच्या खुणा अशाच शंकरपाळ्यासारख्या दिसतात. तुमचा चौकोन तेवढा तिरका करा. पडद्याच्या बाजूने पाहणाऱ्याला तो पिक्सेलच वाटेल आणि लेखणीच्या बाजूने पाहणाऱ्याला तो बोरूचा ठिपका वाटेल. दोघांनाही वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही. ‘स’च्या रेषांची जाडी त्याच बोरूच्या कोनातून येऊ द्या, म्हणजे ठिपका वरून चिकटवल्यासारखा दिसणार नाही.

दख्खनी_वाचक

मोडीवाचक साहेबांच्या या सूचनेला मी एक जोड देतो. उर्दूच्या कलमाचा ठिपका, म्हणजे नुक्ता, हादेखील शंकरपाळ्याच्याच आकाराचा असतो, आणि खुशनवीस, म्हणजे सुलेखनकार, अक्षराची उंची-रुंदी याच नुक्त्याने मोजतात. त्यामुळे तोच ठिपका दोन्ही लिप्यांत समान राहू शकतो आणि दोन्हींपैकी कोणत्याही लिपीवर जबरदस्ती होत नाही. माझी आधीची चिंता यामुळे बरीच कमी झाली.

पडदावाचक

मी अंध आहे आणि स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मदतीने हा धागा वाचत आहे. रंग आणि ठिपक्यांची चर्चा मी समाधानाने ऐकली, पण माझ्यासाठी परिषदेची पहिली ओळख आवाजातून होणार आहे. आपल्याकडील बहुतेक कार्यक्रमांची माहिती एकाच चित्रात बसवून समूहांत फिरवली जाते. त्या चित्रातील तारीख, वेळ आणि स्थळ यांपैकी मला काहीही कळत नाही. कृपया प्रत्येक चित्रासोबत संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये द्यावा आणि संकेतस्थळावरील बोधचिन्हाला पर्यायी मजकूर म्हणून ‘बोधचिन्ह’ एवढेच न लिहिता परिषदेचे नाव लिहावे. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली नसेल तर माझ्या स्क्रीन रीडरचा आवाज हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या वळणाने मराठी वाचतो, आणि ते ऐकणे कष्टाचे होते.

माझ्या ओळखीत अंधुक दिसणारे वाचकही आहेत. त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील फरक लहान मजकुरात निदान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरात ३:१ असावा, असा वेब सुलभतेचा सर्वमान्य दंडक आहे. तो परिषदेच्या नियमांतच लिहून ठेवावा.

शिरोरेषा

पडदावाचक दादा, हे मी नियमावलीच्या पहिल्या पानावर घेते. तुमचा प्रतिसाद वाचून मी सर्व रंग पुन्हा तपासले आणि माझीच एक चूक सापडली. पांढऱ्या कागदावर पिवळ्या मातीच्या रंगात मी वक्त्यांची नावे लिहिली होती. त्या रंगाची लाल, हिरवा, निळा या क्रमाने मूल्ये २००, १३४ आणि ४३ अशी आहेत, आणि पांढऱ्याशी त्याचे प्रमाण जेमतेम ३:१ भरते. गेरूसाठी मी १३८, ५८ आणि ३० ही मूल्ये धरली होती, त्याचे प्रमाण मात्र ७:१च्या वर जाते. तेव्हा यापुढे पिवळा फक्त मोकळ्या जागेसाठी आणि ठिपक्यासाठी राहील, वाचायचा मजकूर गेरूत किंवा काळ्यात असेल. निळा मी काढून टाकला आहे. त्याची कथा मला फार आवडली होती, पण जो रंग पडद्यावर एक आणि फलकावर दुसराच दिसतो तो ओळखीसाठी घेणे मला योग्य वाटले नाही.

भाषेच्या नोंदीचा एक फायदा अक्षरांनाही होतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. पण युनिकोडमध्ये दोन्हींचा संकेत एकच आहे आणि कोणते वळण दिसावे हे फाँट ठरवतो. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणे दिलेली असतात, तिथे पानाची भाषा मराठी आहे हे कळल्यावरच मराठी वळण समोर येते. ‘डिजिटल’चा शेवट ‘ल’ने होत असल्यामुळे आम्हाला याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. दीर्घ मजकुरासाठी मी टिरो देवनागरी मराठी हा फाँट निवडला आहे, कारण तो मराठीसाठीच वेगळा काढलेला आहे. वेळापत्रक, दिशादर्शक पाट्या आणि ओळखपत्रे यांसाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता घेतला आहे. त्याच्या सात जाडी आहेत आणि तो दुरूनही स्वच्छ वाचता येतो. दोन्ही फाँट मुक्त परवान्याचे असल्यामुळे कोणत्याही तालुक्यातील डीटीपी केंद्राला ते आम्ही फाइलसोबत देऊ शकतो.

‘डिजिटल’चा हलकेपणा दूर करण्यासाठी मी आधी अक्षरे जाड करून पाहिली, ते चांगले दिसले नाही. शेवटी दोन्ही वेलांट्यांची कमान थोडी रुंद केली आणि त्या शिरोरेषेवर एकाच उंचीला आणल्या, तेव्हा शब्दाला वजन आले. ‘स्कृ’च्या ऋकारासाठी ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून अधिक ठेवले आहे.

छापखाना_नांदेड

ताई, अंतर तेवढेच राहू द्या. मजकूर एका पानात बसत नाही म्हणून शेवटच्या दिवशी ओळी जवळ आणण्याचा आग्रह होतो आणि मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. मजकूर कमी करावा, अंतर नाही. कर्व्ह केलेली आणि मजकूर बदलता येणारी, अशा दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्यांच्या नावातच फरक स्पष्ट लिहावा.

पैठण_माग

कापडावरील नमुना झाला का? मांजरपाट धुऊन, खळ काढून मगच छापायला द्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटेल आणि रेषेला सुरकुत्या पडतील.

शिरोरेषा

काल संध्याकाळी नमुना हाती आला. कापड आधी धुऊन घेतले होते. गेरू आणि काळा असे दोनच रंग आहेत आणि एक मिलिमीटरची रेषा टिकली आहे. त्याहून बारीक केलेली वेलांटीची टोके मात्र भरून आली, ती मी उद्या जाड करते. तिरका ठिपका ३२ पिक्सेलमध्येही ओळखू येतो. सभागृहाच्या भिंतीचे माप घेतले असता सलग २४ फूट जागा मिळते, म्हणून मुख्य पट तेवढाच लांब करत आहोत आणि त्यावर एकाच अखंड रेषेखाली दोन्ही दिवसांचे संपूर्ण वेळापत्रक लिहिणार आहोत. तोच मजकूर युनिकोडमध्ये संकेतस्थळावर आजपासून उपलब्ध आहे. पडदावाचक दादा, तो आपल्या स्क्रीन रीडरवर नीट वाचला जातो का, एवढे तपासून इथेच कळवावे.

पडदावाचक

आत्ताच ऐकले. मराठी आवाजात, सलग आणि स्पष्ट वाचला गेला. फक्त दुसऱ्या दिवसाच्या तिसऱ्या सत्राची वेळ दोनदा ऐकू येते. तिथे एक ओळ चुकून पुन्हा आली असावी.

शिरोरेषा

बरोबर आहे, ती ओळ दोनदा पडली होती. संकेतस्थळावरून काढली आहे आणि कापडाच्या फाइलमध्येही दुरुस्त केली आहे. तिथेही ती तशीच छापली गेली असती.